संगणकवेडे आप्त: तुमच्या आठवणी लिहा

माझे काका गेल्या वर्षी गेले. पेशाने ते लेखापाल होते, पण जीव सगळा संगणकात. ८०८८ प्रोसेसरचा, ६४० केबी स्मृतीचा त्यांचा पहिला संगणक त्यांनी शेवटपर्यंत मोडीत काढला नाही. तुमच्याही घरात असे कोणी होऊन गेले असेल, तर अवश्य लिहा. कर्तबगारीपेक्षा सवयी सांगितल्या तर अधिक बरे.

माझी मावशी छिद्रित कार्डांच्या, म्हणजे पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोके पाडून प्रोग्रॅम लिहिण्याच्या काळातली. एका कार्डावर ८० रकाने, म्हणजे फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेची एकच ओळ मावायची, आणि कार्डांचा गठ्ठा हातून निसटला की क्रम लावण्यात दिवस जायचा. म्हणून ती गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने तिरकी रेघ ओढून ठेवी. कार्डे विस्कटली तरी रेघ जुळवत गेले की प्रोग्रॅम पुन्हा उभा राहत असे. निवृत्तीनंतर ती पायथन ही नवी प्रोग्रॅमिंग भाषा शिकली, मात्र रेघेची सवय काही सुटली नाही. तिचे कपाट आवरताना पत्रांच्या, पावत्यांच्या, अगदी औषधांच्या चिठ्ठ्यांच्याही गठ्ठ्यांवर ती रेघ निघाली. तिच्या नातवंडांना वाटले, चुकून पेन लागले असेल.

दादाच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर प्रोग्रॅम कॅसेटवरून चढत. तो कर्कश आवाज ऐकताना, लोडिंग फसणार की नाही, हे दादा डोळे मिटून सांगे, आणि बहुधा ते खरे ठरे. आम्हाला तो आवाज सोसत नसे (आता मुद्दाम शोधून ऐकतो).

सगळ्याच आठवणी गोड नाहीत. साल दोनच आकड्यांत साठवल्यामुळे २००० उजाडताच यंत्रे ते १९०० समजतील, या धास्तीने बाबांनी १९९८ आणि १९९९ ही वर्षे कोबोल या भाषेतले जुने प्रोग्रॅम तपासण्यात घालवली. माझे शाळेचे शेवटचे वर्ष त्यांच्या लक्षातही आले नाही. पुढे काहीच बिघडले नाही, तेव्हा ‘उगाच बाऊ केला’ असे लोक म्हणू लागले. ते बाबांच्या फार जिव्हारी लागले होते, हे मला कळायला उशीर झाला.

हे सारे आठवून काल काकांचा संगणक सुरू केला. त्यात वीज गेल्यावर चालू राहणारे घड्याळच नाही. मंगळवार, १ जानेवारी १९८० असे दाखवून डॉस ही त्याची कार्यप्रणाली दर वेळी नवी तारीख विचारते. काका ती रोज न चुकता टंकत. काल मी टंकली.