गाडीच्या ऑर्डर फॉर्मवर सही झाली. न मागितलेल्या ५५,९०० रुपयांचे आता काय करावे?

प्रश्न – नाशिककर वाचक

नमस्कार. यंदाच्या गुढीपाडव्याला आम्ही येथील एका विक्रेत्याकडून नवी पेट्रोल गाडी घेतली. दोन आठवडे आधी मिळालेल्या कोटेशनमध्ये एक्स-शोरूम किंमत ८,६४,०००, आरटीओ ९८,५०० आणि विमा ४१,००० असे मिळून १०,०३,५०० रुपये ऑन-रोड किंमत होती. ‘यात आणखी काही वाढणार नाही’ असे विक्री प्रतिनिधीने त्याखाली निळ्या शाईने लिहून सही केली होती. त्या भरवशावर आम्ही कर्ज घेतले आणि उरलेली रक्कम आदल्या दिवशीच भरली.

पाडव्याला साडेदहाचा मुहूर्त होता. सासूबाई हळदीकुंकवाचे ताट घेऊन गाडीपाशी उभ्या होत्या, आणि आत यजमानांपुढे बारीक अक्षरांतला चार पानी ऑर्डर फॉर्म ठेवण्यात आला. त्यात अ‍ॅक्सेसरीज पॅकेज २८,५००, एक्स्टेंडेड वॉरंटी १७,९०० आणि हँडलिंग व लॉजिस्टिक ९,५०० अशा तीन नव्या रकमा होत्या. विचारल्यावर ‘हे कंपनीकडूनच बंधनकारक आहे, याशिवाय डिलिव्हरी निघत नाही’ असे उत्तर मिळाले. मुहूर्त टळू नये म्हणून आम्ही सही केली आणि ५५,९०० रुपये यूपीआयने भरले. त्याची एकच एकत्रित पावती मिळाली.

घरी आल्यावर फॉर्म नीट वाचला. ‘सर्व वस्तू व सेवा मी स्वेच्छेने घेतल्या आहेत’ आणि ‘कोणताही वाद फक्त पुण्याच्या न्यायालयात चालेल’ अशी दोन कलमे त्यात आहेत. कंपनीच्या ग्राहक सेवेने या तिन्हींपैकी काहीही बंधनकारक नसल्याचे ईमेलने कळवले आहे. सही केल्यामुळे आमचा हक्क संपला का?

उत्तर १ – ग्राहक चळवळीतील एक कार्यकर्ता, पुणे

ताई, हक्क संपलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातील कलम २(४१) नुसार एक वस्तू हवी असेल तर दुसरीही घेतलीच पाहिजे अशी अट घालणे ही प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते, आणि तुमच्याबाबतीत नेमके तेच घडले आहे. घेतलेल्या पैशांचे बिल न देणे हीदेखील कलम २(४७) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणून तिन्ही रकमांची वेगवेगळी जीएसटी बिले आधी लेखी मागा. हँडलिंगचे बिल मागितले की बहुतेक ठिकाणी टाळाटाळ सुरू होते, असा माझा अनुभव आहे, आणि ती टाळाटाळ लेखी मिळाली तर तुमच्याच उपयोगी पडते.

तिन्ही रकमांना मात्र एकाच मापाने मोजू नका. हँडलिंगची बाजू सर्वांत भक्कम आहे. पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंतच्या किमतीला आपल्या राज्यात ११ टक्के कर आहे, म्हणजे तुमच्या गाडीवर ९५,०४०. त्यात नोंदणीचे ६०० आणि कर्जाच्या बोजाची नोंद करण्याचे १,५०० मिळवले तरी ९७,१४० होतात. कोटेशनमधील ९८,५०० मध्ये पासिंगचा, म्हणजे आरटीओ नोंदणीचा, खर्च आधीच आलेला आहे, त्यामुळे ९,५०० पासिंगच्या कामाचे आहेत असे सांगायला विक्रेत्याला जागा उरत नाही. वॉरंटीचेही तसेच, मूळ वॉरंटी संपल्याशिवाय ती सुरूच होत नाही, त्यामुळे आपण तिचा काडीचाही लाभ घेतलेला नाही. ती रद्द करण्याचा अर्ज आजच द्या. अ‍ॅक्सेसरीज गाडीला बसल्या असतील तर तेथे बाजू थोडी लंगडी पडते. ज्या बसवल्या नाहीत किंवा ज्यांची किंमत बाजारभावापेक्षा फुगवलेली आहे, त्यांच्यापुरता परतावा मागणे मला अधिक योग्य वाटते.

उत्तर २ – वकिली करणारा वाचक

वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे. पण सहीचा मुद्दा इतका हलका नाही. भारतीय करार कायदा, १८७२ यातील कलम १९ च्या अपवादानुसार, साधी काळजी घेतली असती तर खरे काय ते कळू शकले असते अशा ठिकाणी केवळ चुकीची माहिती दिली गेली या आधारे करार रद्द करता येत नाही, आणि विक्रेत्याचा वकील ‘चार पाने समोर होती, वाचायला कोणी अडवले होते?’ असे विचारणार, हे धरून चाला. त्याला उत्तर असे की ‘बंधनकारक आहे’ हे विधान जाणूनबुजून खोटे केले असेल तर ती कलम १७ खालील फसवणूक ठरते, आणि उघड खोटे बोलणाऱ्याला या अपवादाचा आसरा मिळत नाही. म्हणून कंपनीचा ईमेल आणि निळ्या शाईचे कोटेशन हे तुमचे खरे बळ आहे. मूळ कोटेशन कोणाच्याही हाती देऊ नका. मोबाईलवरील संवाद सादर करणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र सोबत जोडावे.

एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. करारातील अट अन्यायकारक म्हणून रद्दबातल ठरवण्याचा अधिकार ग्राहक संरक्षण कायद्याने राज्य ग्राहक आयोगाला आणि त्यावर राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. जिल्हा आयोगाला नाही. त्यामुळे तक्रारीत ‘करार अन्यायकारक ठरवा’ ही मागणी मुख्य करू नका. अनुचित व प्रतिबंधक व्यापारी प्रथेमुळे घेतलेली रक्कम परत मिळावी, अशी मांडणी केली तर प्रकरण नाशिकच्या जिल्हा आयोगातच चालते. पुण्याच्या कलमाची चिंता नको, कारण तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार दाखल करण्याची मुभा त्याच कायद्याच्या कलम ३४ ने दिली आहे. शुल्क गाडीसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते आणि दहा ते वीस लाखांसाठी ते ४०० रुपये आहे. मुदत दोन वर्षांची असली तरी इतके थांबू नका. डिलिव्हरीनंतर लगेच केलेली लेखी हरकत आणि वर्षाने केलेली हरकत यांचे वजन सारखे नसते.

उत्तर ३ – औरंगाबादकर

माझ्याही गाडीच्या वेळी असेच झाले होते. मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि तो क्रमांक घालून विक्रेत्याला व गाडीच्या कंपनीला एकच पत्र स्पीड पोस्टाने पाठवले. कंपनीला प्रत गेल्यावर शोरूमचा सूर बदलला. आपण विम्याची पॉलिसीही उघडून पाहावी, ही विनंती. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, पण तो कोणाकडून घ्यायचा हे ठरवण्याचे स्वातंत्र्य आपलेच असते. पॉलिसीवर छापलेला हप्ता ४१,००० पेक्षा कमी निघाला तर फरकाची रक्कमही याच पत्रात मागता येईल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. पत्र गेल्यावर चौथ्या दिवशी शोरूमच्या व्यवस्थापकांचा फोन आला. हँडलिंग आणि वॉरंटी मिळून २७,४०० रुपये परत देण्यास ते तयार आहेत. पण ‘आमची आता कोणतीही तक्रार उरलेली नाही’ अशा मजकुरावर त्यांना सही हवी आहे. अ‍ॅक्सेसरीजपैकी दोन वस्तू अजून बसवलेल्याच नाहीत, आणि विम्याच्या हप्त्यातही ३,२०० रुपयांचा फरक निघाला आहे. सही करावी का?

उत्तर १ – ग्राहक चळवळीतील कार्यकर्ता, पुणे

त्या मजकुरावर सही करू नका. ‘हँडलिंग व वॉरंटीपोटी २७,४०० रुपये मिळाले, अ‍ॅक्सेसरीज व विम्याच्या फरकाबाबतची तक्रार कायम आहे’ असे तुम्ही स्वतः लिहा, तारीख घाला, दोन प्रती करा, आणि एका प्रतीवर त्यांचा शिक्का व सही घ्या. पैसे बँक खात्यातच घ्या. या मजकुराला ते तयार झाले नाहीत तर रक्कम न स्वीकारता त्याच दिवशी, तुमचा फोन कधी झाला आणि त्यांनी काय देऊ केले हे सगळे नमूद करणारा ईमेल त्यांना पाठवा, म्हणजे त्यांची तयारी नोंदीवर येईल. आणि यजमानांना एकट्याने शोरूममध्ये पाठवू नका. कागद वाचायला दोघे बसा.