सिल्व्हिसची ती गल्ली

अमेरिकेच्या सैन्यात लढलेल्या मेक्सिकन वंशाच्या मुलांबद्दल 'नागरिकत्वाच्या आशेने ही मुलं सैन्यात गेली' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. यातले कितीतरी जण जन्माने अमेरिकनच होते. इलिनॉयमधल्या सिल्व्हिस गावाची सेकंड स्ट्रीट बघा. मेक्सिकोतून रेल्वेच्या कामाला आलेली ही कुटुंबं आधी यार्डात मालगाडीच्या डब्यांत राहायची. त्या जेमतेम दीड ब्लॉक लांबीच्या गल्लीतून दुसरं महायुद्ध आणि कोरियाचं युद्ध मिळून ५७ जण लढायला गेले. आठ परतले नाहीत. सँडोव्हाल आडनावाच्या दोनच घरांतून तेरा मुलगे! त्या आयांनी दारात पोस्टमन दिसला की काय केलं असेल? आणि युद्ध संपल्यावरही कितीतरी वर्षं तो रस्ता चिखलाचाच. 'हीरो स्ट्रीट' हे नाव मिळायला १९६७ उजाडलं.

फेलिक्स लोंगोरिया या मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन सैनिकाचं तर ऐकून संताप होतो. तो फिलिपिन्समध्ये १९४५ साली मारला गेला. १९४९ मध्ये त्याचं पार्थिव टेक्सासला आणायचं ठरलं, तेव्हा गावातल्या अंत्यविधीगृहाने प्रार्थनेची खोली नाकारली, गोऱ्यांना आवडणार नाही म्हणून. मेक्सिकन-अमेरिकनांच्या हक्कांसाठी लढणारे डॉ. हेक्टर गार्सिया यांनी आवाज उठवला, सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी मदत केली, आणि त्याचं दफन आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत झालं.