आखाजीला माहेरी जायचे आहे, पण गोंगाट झेपत नाही

प्रश्न (चोपडा) :
मला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान वयाच्या पस्तिशीनंतर झाले. माहेर अमळनेर तालुक्यात, खटल्याचे घर. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, सगळ्या लेकी तेथे जमतात. दुपारी पारा 43 अंशांवर, तळणाऱ्या सांजोऱ्यांचा वास, ओसरीवर पुरुषांचे पत्ते, कूलरची घरघर आणि त्यातच ‘बोलत का नाहीस?’ ही विचारणा, असे सगळे एकत्र आले की माझी वाचाच बसते. मग ‘हिला माहेर गोड लागत नाही’ असा बोल लागतो. प्रत्यक्षात मी वर्षभर आखाजीचीच वाट पाहत असते. कोणाला न दुखवता हे कसे निभवावे?

उत्तर (भुसावळ) :
मीही स्वमग्न आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने 2013 साली काढलेल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत आवाज, वास, स्पर्श फार तीव्र किंवा फार कमी जाणवणे हा स्वमग्नतेच्या निकषांत धरला आहे. तेव्हा याला नखरे म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. शक्य असल्यास घर भरण्याच्या आदल्या दिवशीच पोहोचावे आणि एखादे बसून करायचे काम मागून घ्यावे. गहू निवडणाऱ्या बाईला सहसा कोणी बोलायला लावत नाही. कानात बोळे घातले तरी पदराखाली ते दिसत नाहीत. मात्र उठून बाजूला जायचे ते डोके भणभणण्याआधी. एकदा भणभणले की तासाभराची विश्रांतीही पुरत नाही.

उत्तर (धुळे) :
वरील सल्ला मला लागू पडत नाही. मला एडीएचडी (एका कामावर लक्ष टिकवणे अवघड जाण्याची अवस्था) आहे, आणि स्वयंपाकघरात काम मागितले की माझी तीन कामे अर्धवट राहून चौथ्याची कढई करपते. मी बाहेरचे एकच काम ठरवून घेतो : आंबे व बर्फ आणणे. येण्याजाण्यात डोके निवते. सणात झोप आणि जेवणाच्या वेळा कोलमडतात, म्हणून औषध घेणाऱ्यांनी गोळ्यांच्या वेळेविषयी डॉक्टरांशी आधीच बोलावे. आपल्या मनाने गोळ्या बंद करू नयेत.

उत्तर (नंदुरबार) :
माझी नणंद स्वमग्न आहे, म्हणून भावजयीच्या बाजूने लिहिते. निदान साऱ्या भावकीला सांगू नये. प्रत्येक जण एकेक उपाय सुचवील आणि त्यातच सण संपेल. घर जिच्या हाती आहे त्या एकीला मात्र नक्की सांगावे, आणि तेही नेमकेपणाने : ‘मी गप्प बसले तर रागावले असे समजू नका, दुपारी मला मागच्या खोलीत तासभर पडू द्या.’ दुसरे म्हणजे, आखाजीला निंबाच्या झाडाला झोका बांधलेलाच असतो. झोक्याच्या एकसारख्या लयीने अनेक स्वमग्न व्यक्तींना शांत वाटते (काहींना मळमळते, हेही खरे), आणि माहेरवाशीण झोक्यावर का बसली, असे त्या दिवशी कोणी विचारीत नाही. माझी नणंद पहाटेच जाऊन बसते, कारण संध्याकाळी तेथे गाणी म्हणणाऱ्या मुलींची गर्दी असते.

प्रश्नकर्ती :
वहिनींना आजच फोन करते. आता अडचण पंगतीची. आमरसाचा बुळबुळीतपणा मला तोंडात सहन होत नाही, आणि नको म्हटले की वाढणाऱ्या काकूंना अपमान वाटतो.

उत्तर (भुसावळ) :
आग्रह रिकाम्या वाटीला होतो. पंगतीला बसण्यापूर्वी स्वतःच वाटीत दूध घेऊन पुरणपोळी त्यात कुस्करून ठेवावी, आणि वाढणाऱ्यांत वहिनी असतील त्या ओळीत बसावे.