‘रिटचिंग व्हार्निश’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न: तैलरंगांवरची एक पुस्तिका मराठीत लिहिते आहे. ‘रिटचिंग व्हार्निश’साठी ‘दुरुस्तीचे व्हार्निश’ चालेल का? ‘इंटरमीडिएट व्हार्निश’ म्हणजे तेच का?

उत्तर १: ‘दुरुस्तीचे’ नको. फाटलेले, खरवडलेले चित्र सांधायचे काहीतरी, असे वाटेल. इथे चित्राला काहीच झालेले नसते. खालच्या थराने तेल शोषले की वाळलेल्या रंगाची चकाकी जाते. बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात आणि काळ्यात हे हमखास दिसते. मग शेजारी लावायचा नवा रंग जुळवणार कशाशी? म्हणून पातळ व्हार्निशचा हात फिरवायचा. रंग ओला असताना होता तसा दिसू लागतो आणि काम पुढे सरकते. ‘रिटचिंग’मधून काम कळते, ‘इंटरमीडिएट’मधून जागा: दोन रंगथरांच्या मधली. बाटली बहुधा एकच. मी ‘मधले व्हार्निश’ लिहीन.

उत्तर २: ‘रोगण’ असताना व्हार्निश कशाला? ‘मधले रोगण’ आणि पूर्ण झालेल्या चित्रावरचे ‘अखेरचे रोगण’ अशी जोडी छान जमते.

उत्तर १: शब्द मलाही आवडतो. पण फारसीत रोगन म्हणजे तेल, आणि इथे तेल व राळ यांतला फरकच तर समजावायचा आहे. शिवाय दुकानात व्हार्निशच मागावे लागते.

उत्तर ३: हे व्हार्निश अनेकदा डामरचे असते. तिथे नुसते ‘डामर’ही लिहू नका, ‘डामर राळ’ लिहा. वाचणारा डांबर समजेल. ती झाडाची राळ, टर्पेंटाईनमध्ये विरघळवतात. डांबराच्या जातीचा बिट्युमेन एकोणिसाव्या शतकातले चित्रकार तपकिरी रंग म्हणून खरोखर वापरत. तो नीट वाळत नाही, त्यामुळे कितीतरी चित्रे भेगाळली. हा घोटाळा पुस्तिकेत नकोच.

उत्तर १: अगदी बरोबर. आणखी एक टीप जरूर द्या. डामर राळ वाळली तरी द्रावकात पुन्हा विरघळते. पुढे कोणी चित्राचे वरचे, पिवळे पडलेले व्हार्निश काढायला गेले, तर हा मधला थरही सुटू शकतो आणि त्यावरचा रंग निघून येतो. म्हणून निस्तेज भागापुरतेच, अगदी पातळ लावावे. मी तर तिथे जवसाच्या तेलाचा बोळा फिरवून लगेच कोरड्या फडक्याने पुसून घेणेच पसंत करते. ते तेल रंगासारखेच वाळते. आणि ‘अखेरचे’ याचा अर्थ चित्र संपले त्या दिवशीचे, असा कोणी घेऊ नये. त्यासाठी साधारण ६ ते १२ महिने थांबतात, रंग जाड असेल तर त्याहून जास्त.