लहान मुलांना सणाचे पदार्थ करायला कसे शिकवावे? (चिकाचा हलवा, मनुकांचे सरबत, मत्झा)

प्रश्न: दोन मुलांची आई, नाशिक

नमस्कार. आमचे कुटुंब बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू असून गेली सहा वर्षे आम्ही नाशिकला इंदिरानगर भागात राहतो. मुलगा सात वर्षांचा आणि मुलगी साडेचार वर्षांची आहे. मी ठाण्यात वाढले. तेथे सणाचे पदार्थ मला कोणी मुद्दाम बसवून शिकवले नाहीत. सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) आवारात आणि मावश्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्या पायांत घुटमळताना ते आपोआप कळत गेले. येथे तसे आवार नाही. त्यामुळे माझ्या मुलांच्या लेखी रोश हशानाचा (ज्यू नववर्षाचा) हलवा म्हणजे आजीने डब्यातून पाठवलेल्या गुलाबी वड्या. मागच्या वर्षी मुलीने ‘या वड्या कुठल्या दुकानात मिळतात?’ असे विचारले, तेव्हा मला स्वतःचीच लाज वाटली.

हनुक्काच्या (ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या) वेळी परदेशी चित्रफिती पाहून मी बटाट्याचे लाटके करून पाहिले होते. मुलाने किसणीवर बोट खरचटून घेतले आणि पदार्थ ताटात आल्यावर ‘हे तर बटाट्याचे थालीपीठ आहे’ असा निकाल दिला. त्यात त्याची चूक होती असे मला वाटत नाही.

यंदा, म्हणजे २०२६ मध्ये, रोश हशाना ११ सप्टेंबरला शुक्रवारी संध्याकाळी सुरू होत आहे. हलव्याला गहू भिजवण्यापासून तीन-चार दिवस जातात. इतका वेळ लहान मुलांचे लक्ष टिकवायचे कसे, कोणत्या वयाच्या मुलाला कोणते काम द्यावे आणि पेसाहच्या (मिसर म्हणजे इजिप्तमधून झालेल्या सुटकेच्या सणाच्या) वेळी घरी मत्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, करून दाखवणे योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी सांगावे.

उत्तर: ठाण्याची आजी (मूळ अलिबाग तालुका)

बाळ, चार दिवस मुलांचे लक्ष टिकवण्याच्या फंदात तू पडूच नकोस. दिवसातून एकदा पाच मिनिटे त्यांना भांड्याजवळ नेलेस तरी पुरे, कारण हा हलवा माणसाने करण्यापेक्षा भांड्यात आपला आपणच अधिक होत असतो. पहिल्या दिवशी गहू मुलांच्या हातानेच मोजून भिजत घालावेत. पुढे रोज पाणी बदलताना त्यांना एक दाणा चिमटीत दाबायला द्यावा. पहिल्या दिवशी तो टणक असतो, दुसऱ्या दिवशी नुसता दबतो आणि तिसऱ्या दिवशी फुटून त्यातून पांढरा चीक बाहेर येतो. माझ्या नातवंडांना अख्ख्या हलव्यापेक्षा हा फुटलेला दाणा जास्त लक्षात राहिला आहे.

तिसऱ्या दिवशी गहू वाटून, पाणी घालून, फडक्यातून पिळून घ्यायचे. पिळण्याचे काम मुलांना द्यावे; सांडले तर पुसता येते. आमच्या वेळी चीक पितळी पातेल्यात निवत ठेवत असत आणि मुलांना आत काय चालले आहे ते दिसतच नसे. तू तो काचेच्या उंच बरणीत ओत. रात्री बरणीभर दुधासारखे गढूळ पाणी असते. सकाळी वर पिवळसर निवळ आणि तळाशी खडूसारखा घट्ट पांढरा थर दिसतो. वरचे पाणी हलक्या हाताने ओतून द्यावे लागते, ते काम सात वर्षांच्या मुलाला जमते. आपल्याकडे कुरडयांचा चीक करतात तो हाच, त्यामुळे नाशिकमध्ये कुठल्याही शेजारणीला विचारलेस तरी ती तुला चीक नीट निवळला की नाही ते सांगेल.

अर्ध्या किलो गव्हाला आमच्या घरी तीन नारळांचे दूध लागते. नारळाचेच का, हा प्रश्न मुले विचारतील तेव्हा टाळू नकोस. सणाच्या जेवणात मटण असते, मांसाबरोबर दूध-तूप आपल्याला चालत नाही, म्हणून कोकणातल्या आपल्या बायकांनी नारळ जवळ केला. एवढ्या एका वाक्यात कोशेर (आपले खाण्याचे नियम) म्हणजे काय ते मुलांना जितके कळते, तितके पाठांतराने कळत नाही.

आटवण्याचे काम मात्र केवळ मोठ्यांचे. चीक गरम झाला की उडतो आणि अंगावर उडाला तर चिकटून राहतो. सतत ढवळून हलवा कडा सोडू लागला, बोटाला चिकटेनासा झाला, की थाळीत ओतून मुलांना बदामाचे काप लावायला बोलवावे. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथही (आठवड्याचा विसाव्याचा दिवस, त्यात स्वयंपाक करीत नाहीत) लागतो, हे हिशेबात धरून गहू सोमवारी भिजत घाल.

लाटक्यांचे म्हणशील तर ते युरोपातल्या ज्यूंचे. करावेत, हरकत नाही, पण त्यांच्यामुळे आपला मलिदा मागे पडू नये. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि वर फळे. विस्तव नाही, सुरी नाही, साडेचार वर्षांच्या मुलीने सगळा आपल्या हाताने कालवावा.

उत्तर: बालवाडीताई, गंगापूर रोड

मी ज्यू नाही. मात्र बालवाडीत वीस वर्षे मुलांकडून चिवड्यापासून तिळगुळापर्यंत बरेच काही करून घेतले आहे. आजींच्या सांगण्यात मी एवढीच भर घालीन की दोन्ही मुलांना एकच काम देऊ नये. साडेचार वर्षांच्या मुलाला दाबणे, पिळणे आणि निवडणे आवडते. सात वर्षांच्या मुलाला मोजणे आणि घड्याळ पाहणे आवडते. दोघांना एकाच फडक्याशी बसवले तर फडके फाटते.

आपण शीर्षकात मनुकांच्या सरबताचा उल्लेख केला आहे. माझ्या एका ज्यू मैत्रिणीच्या घरी शब्बाथच्या किद्दुशसाठी (पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेसाठी) काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून हे सरबत करीत असत आणि द्राक्षाच्या फळासाठी असलेली प्रार्थना त्यावर म्हणत. नाशिकच्या मुलांना शिकवायला याहून सोपे काय असेल! फेब्रुवारी-मार्चमध्ये काळ्या द्राक्षांचा एक घड दोरीने बाल्कनीत सावलीत टांगावा, जाळीचे फडके बांधावे आणि मुलांना दर रविवारी त्याचे चित्र काढायला सांगावे. आमच्या मुलांनी असे केले तेव्हा पहिला घड बुरशीने गेला, कारण तडकलेले मणी आम्ही काढले नव्हते. दुसरा मात्र सुरकुतून चांगला वाळला. सरबतापुरत्या मनुका रविवार कारंजावरूनच आणाव्या लागतील, पण त्या कशापासून होतात हे मुलांना ठाऊक असेल.

उत्तर: जुन्या पोथ्यांचा वाचक, पुणे

मत्झाविषयी. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून झाली पाहिजे, नाहीतर पीठ फुगू लागून खमीर झाले असे मानले जाते, आणि खमीर पेसाहमध्ये वर्ज्य असते. म्हणूनच तिच्यावर टोचे मारतात आणि मळणारा हात थांबू देत नाहीत. सेदेरच्या (पेसाहच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या) ताटातली मत्झा विश्वासाच्या ठिकाणाहूनच आणावी. मुलांना दाखवायची ती मात्र पेसाहच्या दोन-तीन आठवडे आधी, घरातले पीठ-धान्य काढून साफसफाई करण्यापूर्वी करावी, म्हणजे चुकले तरी बिघडत नाही.

आम्ही ती पोळपाट-लाटण्यावर केली. धाकट्या पुतणीने काट्याने टोचे मारले, थोरल्याने घड्याळ धरले. पहिल्या खेपेस बावीस मिनिटे लागली. ‘खमीर! खमीर!’ असे ओरडत मुलांनीच ती बाद केली आणि तूप लावून खाऊन टाकली. तिसऱ्या खेपेस सतरा मिनिटांत जमले, तेही फक्त दोन मत्झा केल्या म्हणून.

मुलांना एक चित्रही दाखवावे. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी मजकुराची हागादा, म्हणजे सेदेरला वाचायची पोथी, छापली गेली. तिच्यात मत्झा करणाऱ्या स्त्रिया नऊवारी लुगड्यांत दाखवल्या आहेत. मिसर देशातून निघालेल्या लोकांची भाकरी आणि आजीच्या कपड्यांतल्या बायका एकाच पानावर पाहिल्यावर मुले बराच वेळ प्रश्न विचारत राहतात. एक सावधगिरी तेवढी सांगतो. कुरडयांचा हंगाम आणि पेसाह पुष्कळदा एकत्र येतात. शेजारून भिजवलेल्या गव्हाचा चीक खायला आला तर त्या आठ दिवसांत तो आपल्याला चालत नाही, हे मुलांना आधीच समजावून ठेवावे. आमच्याकडे त्यावरून रडारड झाली आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी ७ तारखेला संध्याकाळी गहू भिजवते. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घासून ठेवली आहे. एक शंका उरली. १४ तारखेला गणेश चतुर्थी असल्याने समोरच्या काकू मोदकांसाठी नारळाची खवणी माळ्यावरून काढणारच आहेत आणि शुक्रवारी सकाळी आमचे नारळही त्याच खवून देतो म्हणाल्या. त्यांची खवणी आपल्याला चालेल का?

ठाण्याची आजी

नारळाखेरीज दुसऱ्या कशाला वापरत नसतील तर धुऊन खुशाल घे, आम्हीही चाळीत असेच करीत होतो. नारळ मात्र तीन नव्हे, चार आण. खवणीशेजारी मुले बसली की एका नारळाचे खोबरे परातीत पडतच नाही.