अनुभव धागा: तुमच्या ओळखीचा रोटरीवाला, लायनवाला कोण?

राजारामपुरी_गल्ली
जुलै लागला, रोटरी-लायन्स या समाजसेवेच्या क्लबांच्या पदग्रहणाचे फ्लेक्स लागले. एकावर ओळखीचा चेहरा दिसला आणि आमचे लायनकाका आठवले. वरच्या मजल्यावर राहायचे. दारावरच्या पाटीत नावाआधी ‘लायन’, आणि काकूंनी हाक मारली की आवाज एकदम मवाळ. आम्ही पोरं लई हसायचो. मग आजीचा मोतीबिंदू निघाला. काका शिबिराच्या दिवशी सकाळी रिक्षा घेऊनच दारात हजर. ऑपरेशन झाल्यावर महिनाभर जिन्यातनं ओरडायचे, “आज्जी, थेंब घातले का?” आजी वैतागायची, पण घालायची. एकदा विचारलं, काका, तुमचं सगळं डोळ्यांवरच का? तर म्हणाले, १९२५ साली हेलन केलर या अंध लेखिकाबाईंनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा असं सांगितलं, तेव्हापासनं हेच चाललंय.
तुमच्याकडं आहे का असं कोण? लिहा की.

नाद_एकच
आहे! आमचा टाइल्सवाला. दुकानात पाच रुपये सोडत नाही. २०१९ च्या कोल्हापूरच्या पुरात हायवे शिरोलीजवळ बंद, गावात पेट्रोल नाही, आणि हा गडी गोडाऊन रिकामं करून तिथं चपात्यांची पाकिटं बांधत बसलेला. तेव्हा कळलं रोटरीत आहे. पूर ओसरल्यावर फरशी घ्यायला गेलो, तरी पाच रुपये सोडले नाहीत 😂

पंचगंगा_काठ
राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ४३ फूट म्हणजे धोका. त्या साली ५५ च्या वर गेलतं.

चिखलीकर
आम्हाला नका सांगू फूट. २००५, २०१९, २०२१, तिन्ही बघितलेत. पाणी उतरल्यावर साड्या आणि चिवडा ढिगानं आला. एका क्लबातल्या मॅडम मात्र वही घेऊन आल्या, आधी बायकांना बाजूला बसवून विचारलं काय पाहिजे ते. दोन दिवसांत पॅड, फिनेल, खराटे, गमबूट. वहीत लिहिलेलं तेवढंच, जास्तीचं काही नाही. अजून दिवाळीला फोन असतो त्यांचा.

कट्टा_दूध
सगळेच तसले नसतात भावा. एक केळं, त्याला धरलेले सहा हात, आणि फोटो. हे पण बघितलंय.

चिखलीकर
@कट्टा_दूध खरंय. पण गमबूट आले होते.

सूनबाई_गंगावेस
कामावरनं आलेय आत्ता, घाईत लिहिते. माझे सासरे रोटरीत. रोटरीनं पोलिओचं काम १९८५ ला हातात घेतलं म्हणे, हे पहिल्यापासनं त्यात. पोलिओच्या रविवारी घरात सण असल्यासारखी गडबड. ऊसतोडीच्या टोळ्यांची पालं कुठं पडलीत ते कारखान्यातनं विचारून घ्यायचे, कारण ती पोरं बूथवर कुठली येतायत? पहाटे टोळी फडात जायच्या आत गाठायची. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, हावड्याचा. २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या दिवशी ह्यांनी गल्लीत पेढे वाटले. शेजारच्यांना वाटलं मला दिवस गेले. भात लागतोय, आले.

नाद_एकच
पेढे 😂😂

शिवाजी_पेठ_तालीम
आमच्या तालमीत बिनपिनचे, म्हणजे कुठल्या क्लबाचा बिल्ला नसलेले, पण हेच करतात बरं. पुरात बोटीत पहिलं कोण बसलं होतं ते विचारा.

राजारामपुरी_गल्ली
@शिवाजी_पेठ_तालीम त्याचा वेगळा धागा काढ की. मी वाचीन.

बिल्लाधारी
मी स्वतः सदस्य आहे. मीटिंगला पिन विसरली की दंड बसतो आमच्यात. सार्जंट म्हणून ज्याला नेमतो तो हसत हसत खिसा कापतो. यंदा मीच सार्जंट.

कट्टा_दूध
मग सहा हातांना पण लावा दंड.

बिल्लाधारी
ठराव मांडतो 🙏

पन्हाळा_धुकं
विषय सोडून विचारतेय. लायन्सवाले जुने चष्मे घेतात ना? घरात सासऱ्यांचे डबाभर पडलेत.

राजारामपुरी_गल्ली
घेतात. नंबर तपासून गरजूंना देतात. काड्या मोडलेले बाजूला काढा तेवढे.

पन्हाळा_धुकं
काड्या धड आहेत. सासरेच डबा सोडेनात. म्हणतात, एखादा लागंल.