सूडनाट्याचा पेपर : अनुभव धागा

थॉमस किडचे 'द स्पॅनिश ट्रॅजेडी' (१५८७च्या सुमारास) आणि शेक्सपिअरचे 'हॅम्लेट' (१६००च्या सुमारास) ही नाटके इंग्रजी साहित्याच्या परीक्षेसाठी ज्यांनी अभ्यासली आहेत, अशा ठाणे व नवी मुंबईतल्या वाचकांनी आपला अनुभव इथे लिहावा, ही विनंती. भूत, वेडाचे सोंग, नाटकातले नाटक आणि लांबलेला सूड ही चार लक्षणे गाइडमधून पाठ करून पास होता येते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यापलीकडे नाटक तुम्हाला कुठे भेटले, ते वाचायला आवडेल. सुरुवात मीच करतो.

कोपरखैरणे

मी ठाण्याला कॉलेजला जात असे आणि ट्रान्स-हार्बरच्या गाडीत बसल्यापासून ठाणे येईपर्यंत एक प्रवेश संपवायचा, असा माझा नेम होता. दोन्ही नाटके एकाच आठवड्यात अशी तुकड्यातुकड्यांनी वाचल्याचा परिणाम पेपरात दिसला. दोन्हींत होरेशिओ नावाचे पात्र आहे. किडचा होरेशिओ हा नाटकाचा नायक हिरोनिमो याचा मुलगा असून त्याला दुसऱ्या अंकात बागेतल्या मांडवाला लटकावून मारतात. शेक्सपिअरचा होरेशिओ हा हॅम्लेटचा मित्र असून, शेवटी हकिकत सांगण्यासाठी तोच मागे उरतो. मी हॅम्लेटवरच्या उत्तरात त्यालाच मांडवाला टांगले आणि 'मित्राच्या खुनामुळे नायकाची सूडभावना तीव्र होते' असे विवेचन दोन पाने केले. चूक लक्षात आली ती परतीच्या गाडीत, रबाळ्याला. बाकीच्या प्रश्नांनी हात दिला म्हणून एटीकेटी टळली.

ऐरोली

लग्नानंतर अकरा वर्षांनी मी दूरशिक्षणातून एम. ए.ला बसले. अभ्यासाला वेगळी खोली नसल्यामुळे डब्यांना टेकवून पुस्तक उभे करायचे आणि पोळ्या लाटता लाटता वाचायचे, अशी रीत पडली होती. सासूबाई समोर मेथी निवडत बसत आणि "आज काय झालं त्या स्पेनमध्ये?" असे विचारत.

पेद्रिंगानोचा प्रसंग मी त्यांना सांगितला. हा नोकर होरेशिओच्या मारेकऱ्यांपैकी एक असलेल्या लोरेन्झोच्या सांगण्यावरून खून करतो आणि पकडला जातो. तेव्हा लोरेन्झो त्याला निरोप धाडतो, की तुझे माफीपत्र पोऱ्याजवळच्या पेटीत आहे, तू निर्धास्त राहा आणि तोंड उघडू नकोस. पोऱ्याला पेटी उघडण्याची सक्त मनाई असते. तो अर्थातच उघडतो आणि पेटी रिकामी निघते. तरीही तो फाशीच्या जागी पेटीकडे बोट दाखवत उभा राहतो, आणि पेद्रिंगानो फास आवळला जाईपर्यंत जल्लादाची थट्टा करत राहतो.

सासूबाईंचा हात थांबला. "अगं, पण त्या पोराला कळलं होतं ना? मग सांगायचं नाही का त्यानं?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "आणि हा मेला तरी! एकदा उघडून दाखव म्हणायला काय झालं होतं त्याला?" नाट्यगत उपरोधाची व्याख्या मला पाठ होती, पण या दोन प्रश्नांपुढे ती लंगडी पडली. पेद्रिंगानो विचारत नाही, कारण विचारले तर मालकावर विश्वास नाही असे होईल, हे मला ओट्याशी उभे राहून सुचले आणि तेच मी पेपरात लिहिले. त्याच्या खिशात सापडलेल्या पत्रामुळे हिरोनिमोला मारेकऱ्यांची खात्री पटते, हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मेल्यावर का होईना, बोलला."

नौपाडा

माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि हॅम्लेटची स्वगते पहिल्या वाचनात मला अजिबात लागली नाहीत. मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या वाचनकक्षात बसून टिपणे काढत असताना आगरकरांच्या 'विकारविलसित'चा उल्लेख सापडला. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे अब्रुनुकसानीच्या खटल्यात, १८८२मध्ये टिळकांसह डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढताना त्यांनी हॅम्लेटच्या या भाषांतराचे काम केले आणि १८८३मध्ये ते प्रसिद्ध झाले. पुढे भाषांतर मिळवून वाचले; तिथला हॅम्लेट चंद्रसेन आहे, आणि या चंद्रसेनाच्या भूमिकेमुळेच नट गणपतराव जोशींचे नाव झाले. भाषा आज जड वाटते, परंतु शीर्षकानेच माझा निम्मा अभ्यास केला. आगरकरांनी शीर्षकात सूड ठेवला नाही, विकार ठेवला; 'हॅम्लेट दिरंगाई का करतो' या हमखास प्रश्नाचे माझे उत्तर त्या एका शब्दावर उभे राहिले.

सीवूड्स

माझे मत थोडे वेगळे आहे. सगळा खुलासा सविस्तर करून झाल्यानंतर हिरोनिमो 'आता मी बोलणार नाही' म्हणत स्वतःची जीभ चावून तोडतो, या प्रसंगाला आमचा वर्ग हसला आणि शिकवणाऱ्या मॅडमही हसल्या. सांगायचे काही उरलेच नसेल तर जीभ तोडायची कशासाठी, हे मला आजही कोणी पटवून दिलेले नाही.

ठाणे, कोर्टनाका

सीवूड्सच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही, पण त्याआधीचा एक प्रवेश मला फार जवळचा आहे. मी न्यायालयात नकला देण्याच्या विभागात काम करत होतो आणि सुट्ट्या साठवून परीक्षेला बसलो. हिरोनिमो हा स्वतः न्यायदान करणारा अधिकारी आहे, आणि त्याच्याच मुलाच्या खुनाची दाद राजापर्यंत पोहोचत नाही, ही गोष्ट गाइडमध्ये एका ओळीत उरकलेली होती. तिसऱ्या अंकात लोक आपापली कागदपत्रे घेऊन त्याच्याकडे येतात. त्यांतल्या एका म्हाताऱ्याच्या मुलाचाही खून झालेला असतो. त्याचे डोळे पुसायला हिरोनिमो खिशातून रुमाल काढतो, तर हातात येतो तो होरेशिओच्या रक्तात भिजवून जपलेला रुमाल. त्यानंतर तो बाकीच्यांचे कागद दातांनी फाडतो. माझ्या भाडेपट्ट्याला दहा पौंड पडले होते, असे एक जण कळवळून सांगतो, तेव्हा हिरोनिमो म्हणतो, की मी त्याला जखम केलेलीच नाही, रक्ताचा एक तरी थेंब दाखव.

रोज शिक्के मारून कागद हातावेगळे करणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, ते मी पेपरात लिहू लागलो आणि दोन पुरवण्या त्यातच संपल्या. शेवटचा प्रश्न कोरा राहिला. घंटा झाल्यावर पुरवण्यांना दोरा बांधताना पर्यवेक्षक म्हणाले, "घट्ट बांधा, सुटल्या तर तुमच्याच पदरी पडेल."